वडशाचे मालक, मुंबईचे चॅनेल

२ मे २०२३ रोजी अमेरिकेतल्या चित्रपट-दूरचित्रवाणी लेखकांनी लेखणी खाली ठेवली आणि १४८ दिवस उचलली नाही. मानधनाचा आणि यंत्राकडून लिहून घेण्याचा वाद बातम्यांत गाजला. पण त्या संपात आणखी एक मागणी होती, ती आपल्याकडच्या वाचकांपर्यंत फारशी पोहोचली नाही: प्रत्येक मालिकेवर किमान इतके लेखक नेमलेच पाहिजेत आणि त्यांतल्या काहींना चित्रीकरण सुरू असताना कामावर ठेवले पाहिजे. या मागणीमागे एका शिडीची काळजी होती. तिकडे लेखकांच्या खोलीत टिपणे घेणारा मदतनीस पुढे नोकरीवरचा लेखक होतो, मग कथा-संपादक, मग सहनिर्माता, आणि दहा-पंधरा वर्षांनी एखादाच ‘शोरनर’ होतो. कथा कुठे न्यायची, नट कोण, दिग्दर्शक कोण, पैसा कुठे खर्चायचा या सगळ्यावर शेवटचा शब्द त्याचा. खोल्या लहान झाल्या, लेखकाला सेटवर बोलावणे बंद झाले की मधल्या पायऱ्या गळतात, हे तिथल्या लेखकांनी ओळखले आणि पाच महिने काम बंद ठेवून त्या पायऱ्या काही अंशी परत मिळवल्या.

मराठी मालिकांच्या जगात ही शिडी कशी आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात वाढलेल्या, लिहिण्याची हौस आणि नाटकाचे वेड असलेल्या पोराला किंवा पोरीला तिच्यावर पाय ठेवता येतो का, हा या लेखाचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना मुंबईपेक्षा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडे जास्त पाहावे लागते. कारण लेखन, निर्मिती आणि धंदा एकाच हातात असलेली माणसे महाराष्ट्रात आज सर्वांत जास्त कुठे सापडत असतील तर ती पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर, असे माझे मत आहे.

आधी मुंबईचा हिशेब उरकू. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा ‘निर्माता’ हे सरकारी नोकरीतले पद होते. ‘गजरा’ करणारे विनायक चासकर, ‘चिमणराव’ पडद्यावर आणणाऱ्या विजया जोगळेकर-धुमाळे ही माणसे पगारावर काम करत. लेखक बाहेरचा असे. कथाकार, नाटककार, प्राध्यापक. त्याचे पोट मालिकेवर नव्हते, म्हणून त्याला आठवड्याला एक भाग लिहिणे परवडत असे. दिल्लीत १९८४ मध्ये मनोहर श्याम जोशींनी ‘हम लोग’ लिहिली आणि मालिकेचा लेखक हा स्वतंत्र पेशा असू शकतो हे देशाला दिसले. मराठीत ही वेळ यायला उपग्रह वाहिन्या याव्या लागल्या. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आजची झी मराठी), २००० मध्ये ई टीव्ही मराठी (आजची कलर्स मराठी), २००८ मध्ये स्टार प्रवाह, २०१८ मध्ये सोनी मराठी. ई टीव्हीवरची ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली. आठवड्याला पाच-सहा भाग, वर्षाला तीनशेच्या आसपास, प्रत्येक भाग साधारण बावीस मिनिटांचा. एवढा मजकूर एकट्याने हौसेखातर लिहून होत नाही.

मग कामाची वाटणी झाली. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. श्रेयनामावलीत तिघांची नावे वेगळी येतात आणि तिघांना पैसे भागागणिक मिळतात, तेही पुष्कळदा प्रक्षेपणानंतर कित्येक आठवड्यांनी. कथेचा मालक यांच्यापैकी कोणीच नसतो. वाहिनी पैसे देते, निर्माता मालिका बनवून देतो आणि हक्क बहुतेक करारांत वाहिनीकडे राहतात. वाहिनीचा ‘ईपी’ (कार्यकारी निर्माता) आणि ‘क्रिएटिव्ह’ मंडळी आठवड्याचे टीआरपी पाहून ट्रॅक बदलायला सांगतात. दोन दिवसांत नवी ‘वन लाइन’, म्हणजे पुढच्या कथेचा त्रोटक आराखडा, हवी असते, कारण आधी तयार ठेवलेल्या भागांची ‘बँक’ संपत आलेली असते. अमेरिकी शोरनरचे अधिकार इथे तिघा-चौघांत वाटले गेले, आणि त्यातला सर्वांत लहान वाटा लेखकाला आला. या व्यवस्थेत चांगले काम झालेच नाही असे मी म्हणत नाही, खूप झाले. पण या व्यवस्थेत लेखकाची बढती म्हणजे काय, हे कुठे लिहिलेले नाही.

म्हणून ज्यांनी वर चढण्याचा मार्ग काढला त्यांनी तो स्वतःच्या हिकमतीने काढला. चिन्मय मांडलेकर नट म्हणून ओळखले जातात, पण ‘असंभव’सारख्या मालिकेच्या लेखनातही त्यांचा हात होता, दोन पेशे एकमेकांना आधार देत राहिले. नितीन वैद्य पत्रकारितेतून वाहिनीत गेले आणि वाहिनीचा कारभार सांभाळून मग निर्माते झाले. तेजपाल वाघ यांनी ‘लागिरं झालं जी’ लिहिली, साताऱ्याच्या मातीतली, आणि पुढे स्वतः निर्मितीत उतरले. प्रल्हाद कुडतरकर यांनी २०१६ मध्ये आलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’चे संवाद लिहिले आणि त्याच मालिकेत पांडूही रंगवला. यांतली शेवटची दोन उदाहरणे आपल्यासाठी महत्त्वाची आहेत. दोन्ही ठिकाणी प्रदेशाची बोली आणि प्रदेशातला लेखक एकत्र आले, आणि वाहिनीला कळले की सातारा आणि सिंधुदुर्ग घराघरांत पाहिले जाऊ शकतात. कोल्हापूरलाही ते भाग्य लाभले. झाडीपट्टीला अजून लाभलेले नाही.

इथे वडशाकडे वळायला हवे. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच्या उत्तर टोकाला, वैनगंगेच्या काठी, गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर देसाईगंज आहे. स्टेशनचे आणि बोलण्यातले नाव वडसा. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातली ब्रह्मपुरी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतला धान पिकवणारा, झाडांनी वेढलेला मुलूख म्हणजे झाडीपट्टी, आणि तिच्या नाटकांची राजधानी वडसा. दिवाळीआधी इथल्या नाटक कंपन्यांच्या कार्यालयांबाहेर नव्या नाटकांची पोस्टरे लागतात. गावोगावची मंडळे येतात, पोस्टर बघतात, नटांची नावे बघतात, विनोदवीर कोण ते विचारतात, रक्कम ठरवतात आणि तारीख घेऊन जातात. एका हंगामात एकेका कंपनीचे कित्येक डझन प्रयोग लागतात.

हंगाम धानाच्या कापणीला बांधलेला आहे. भाऊबीजेपासून गावागावांत मंडई भरते, पुढे शंकरपट होतात. दिवसा बैलांच्या जोड्या धावतात, लेकी-जावई पाहुणे येतात, आणि रात्री त्याच गावात शामियान्यात नाटक होते. दहानंतर पडदा उघडतो आणि तांबडे फुटेपर्यंत खेळ चालतो. गाणी हवीत, लावणी हवी, रडवणारा प्रसंग हवा आणि पोट धरून हसवणाराही. जमिनीवर पसरलेल्या सतरंजीवर चार-पाच हजार माणसे थंडीत रात्रभर बसतात, तीही तिकीट काढून. या प्रेक्षकाला पहाटे तीन वाजता जागे ठेवायचे म्हणजे प्रवेशांची रचना कशी हवी, गाणे कुठे यावे, विनोदी प्रवेश कुठे मोडावा, हे ज्याला कळते त्याला कथानक ताणायचे आणि सैल सोडायचे तंत्र कळते. दैनंदिन मालिकेला दुसरे काय हवे असते?

या रंगभूमीची मुळे दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांत आहेत. साकोलीकडचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडारीवर आयुष्यभर काम करून ही मुळे लिहून ठेवली. त्यांच्याशिवाय या विषयावर बोलताना आपल्याजवळ ऐकीव गोष्टींपलीकडे फार थोडे उरले असते. दंडार गावातल्या पोरांची, गावाच्या चौकातली. शहरी संगीत नाटकाची हवा इकडे आली तेव्हा दंडारीच्याच कलावंतांनी ती अंगावर घेतली, पेटी-तबला आणला, ऐतिहासिक आणि पौराणिक नाटके बसवली. पुढे सामाजिक नाटके आली आणि कंपन्या उभ्या राहिल्या.

इथल्या कलावंताची वाटचाल कशी होते त्याचे सर्वांत ठळक उदाहरण परशुराम खुणे यांचे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचा हा शेतकरी नट. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेच्या आसपास भूमिका असे त्यांच्या कामाचे मोजमाप सांगितले जाते, आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. मला त्यांच्या कारकिर्दीत महत्त्वाची वाटते ती तिची जागा: एवढे मोठे काम त्यांनी याच मुलखात राहून केले. मुंबईत गेल्याशिवाय कलावंत होता येत नाही हा समज इतक्या ठामपणे खोडून काढणारे दुसरे उदाहरण माझ्यासमोर नाही.

लेखकांमध्ये सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावचे सदानंद बोरकर यांचे नाव आधी घ्यावे लागते. ‘माझं कुंकू मीच पुसलं’ आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नावरचे ‘आत्महत्या’ ही त्यांची नाटके. लिहायचे, बसवायचे, त्यात उभेही राहायचे आणि मंडळ चालवायचे, असा हा एकहाती कारभार. अमेरिकी अर्थाने शोरनर हा शब्द महाराष्ट्रात कोणाला लावायचा झाला, तर मी मुंबईतल्या एखाद्या कार्यालयाकडे न जाता नवरगाव आणि वडशाच्या अशा माणसांकडे जाईन. कंपनीचा मालक विषय निवडतो, संहिता लिहून घेतो किंवा स्वतः लिहितो, हंगामापुरते नट बांधतो, नागपूर-पुण्या-मुंबईहून नायिका आणि नृत्यांगना आणतो, पोस्टर छापतो, तारखा लावतो, आणि रोज संध्याकाळी गाडी वेळेवर निघते की नाही हेही बघतो. नाटक पडले तर तोटा त्याचा. मुंबईच्या निर्मात्याला पहिल्या भागाआधीच वाहिनीची मान्यता मिळालेली असते. वडशाच्या मालकाला गावाची मान्यता दर हंगामाला नव्याने मिळवावी लागते.

इथल्या मधल्या पायऱ्याही खऱ्या आहेत. पोरगा आधी गावच्या मंडळात पडदा ओढतो, कोणी आजारी पडला की त्याची भूमिका करतो, मग एखाद्या कंपनीत लहान काम, मग विनोदी जोडीतला दुसरा, मग पहिला. हिरालाल पेंटर किंवा के. आत्माराम यांच्यासारखे नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरांत आले की तारखा त्या नावावर जातात. त्यातला एखादा पुढे स्वतःची कंपनी काढतो. कोणी शिक्षक असतो, कोणाची शेती असते. पावसाळ्यात रोवणी, हिवाळ्यात नाटक. ही दुहेरी उपजीविका गरिबीची खूण आहेच, पण तिच्यामुळेच कलावंताला हंगाम वाईट गेला तरी गाव सोडावे लागत नाही. मालिका अचानक बंद झाल्यावर मुंबईत भाड्याच्या खोलीत अडकलेल्या संवादलेखकाला हा आधार नसतो.

मग अशी तयार माणसे असताना त्यांच्यातला लेखक टीव्हीवर का पोहोचत नाही? वाहतूक आहे, पण उलट दिशेची. मालिकेत चेहरा झालेली नटी हंगामात इकडे येते, पोस्टरवर तिच्या नावाखाली मालिकेचे नाव छापतात, आणि गर्दी वाढते. इकडचा लेखक तिकडे जात नाही.

पहिले कारण अंतराचे. वडशाहून मुंबई हजार किलोमीटरच्या आसपास आहे, आणि मालिकेचा लेखक वाहिनीच्या बोलावण्यावर हजर राहण्याच्या टप्प्यात लागतो, निदान आजवर लागत आला. टीव्हीतले बहुतेक तरुण लेखक एकांकिका स्पर्धांतून, त्यातही पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतून पुढे येतात, कारण परीक्षकांत आणि प्रेक्षकांत पुढे काम देणारी माणसे बसलेली असतात. चंद्रपूरला राज्य नाट्यस्पर्धेचे केंद्र आहे, हौशी संघ तिथे जिद्दीने उतरतात. पण तिथे काम देणारे कोणी बसलेले नसते. दुसरे कारण हंगामाचे. नोव्हेंबर ते मार्च ज्याने रात्री जागवल्या आहेत त्याने त्या सोडून मुंबईत उमेदवारी करायची, म्हणजे खात्रीचे उत्पन्न सोडून अनिश्चितात उडी घ्यायची.

तिसरे कारण बोलीचे, आणि इथे दोष दोन्ही बाजूंना द्यावा लागतो. मराठी टीव्हीने विदर्भाची भाषा बहुतेक वेळा विनोदासाठी वापरली. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली नागपूरची राधिका नायिका होती आणि आपल्या बोलीत बोलत होती, हा सुखद अपवाद, पण ती नागपूर-वऱ्हाडाकडची भाषा. झाडीबोली त्याहून पूर्वेची, तिचा हेल वेगळा, क्रियापदे वेगळी. झाडीपट्टीची नाटकेही पुष्कळदा नायक-नायिकेला प्रमाण मराठी देतात आणि झाडीबोली विनोदी पात्राच्या तोंडी घालतात. आपल्याच बोलीत आपला नायक रडू शकतो, प्रेम करू शकतो, हे आपल्या रंगमंचावर सिद्ध केल्याशिवाय दुसऱ्याने ते मानावे अशी अपेक्षा कशी करायची? मालवणीला हा मान ‘रात्रीस खेळ चाले’ने दिला, पण त्याआधी ‘वस्त्रहरण’ने तिला मराठी रंगभूमीवर कित्येक वर्षे खेळते ठेवले होते. झाडीबोलीचे ‘वस्त्रहरण’ अजून मुंबईपर्यंत गेलेले नाही.

याचा परिणाम असा की या जंगलाच्या गोष्टी सांगितल्या जातात, पण इकडची माणसे त्या सांगत नाहीत. हेमलकशाच्या सेवाकार्यावर २०१४ मध्ये ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ हा चित्रपट आला आणि तो मनापासून केलेला होता. पण गडचिरोलीतले भामरागड, एटापल्ली, सिरोंचा म्हटले की बाहेरच्या लेखकाला दोनच विषय सुचतात: सेवा आणि बंदूक. धानाच्या हुंड्या, तेंदूपानाचा हंगाम, कंपनीच्या गाडीत अर्धवट झोपलेल्या नट्या, वाघाच्या भीतीने अंधाराआधी परतणारे गुराखी, या सगळ्याला कथेत जागा मिळायची तर लेखक इथला हवा. २०२२ मध्ये तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ आला तेव्हा निदान एकदा तरी झाडीपट्टीच्या नाटकधंद्याची गोष्ट तो धंदा आतून पाहिलेल्या दिग्दर्शकाने सांगितली. तो मोठा धंदा करून गेला नाही. तरीही वाट कुठून फुटू शकते हे त्याने दाखवले, आणि ती टीव्हीला वळसा घालून गेली हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या रंगभूमीला २०१४ पासून बसलेले धक्के सांगितले नाहीत तर आढावा खोटा ठरेल. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती आणि पट थांबले. २०२१ च्या डिसेंबरात त्यांना परत परवानगी मिळाली. पटाची गर्दी हा नाटकाच्या तिकिटाचा मोठा आधार, त्यामुळे ही सात वर्षे जड गेली. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी नेमकी हंगामाच्या तोंडावर आली, आणि हा सगळा व्यवहार रोखीचा. मग करोना. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईच्या मालिका काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाल्या, आणि २०२१ मध्ये परराज्यांत सेट नेऊन चालू राहिल्या. हजारोंच्या गर्दीवर जगणाऱ्या नाटकाला तसा कुठे आसरा नव्हता. तरीही कंपन्या उठल्या, नव्या तारखा लागल्या.

आता यूट्यूबवर पूर्ण नाटके दिसतात, गाणी तर हजारोंच्या संख्येने बघितली जातात. काही मालकांना याची धास्ती वाटते, फुकट दिसले तर तिकीट कोण काढेल म्हणून. मला ही धास्ती अर्धीच खरी वाटते. ज्या प्रेक्षकाला शामियान्यातली रात्र हवी आहे तो मोबाइलवर समाधान मानत नाही. पण दुसरा प्रश्न खरा आहे: त्या चित्रफितीचे पैसे कोणाला मिळतात? बहुतेकदा ज्याचे चॅनेल त्याला. लेखकाचे नाव वर्णनात असले तरी पुष्कळ झाले.

आणि हाच मुद्दा मला सगळ्यांत निकडीचा वाटतो. मुख्य प्रवाहाच्या मराठी रंगभूमीवर नाटककाराला प्रयोगागणिक मानधन देण्याचा रिवाज आहे. मुंबईतली पटकथालेखकांची संघटना सभासदांच्या कथा नोंदवून ठेवते आणि वाद झाला तर मध्ये पडते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रपटात वापरल्या गेलेल्या साहित्याच्या लेखकाला पुढच्या वापराच्या मोबदल्यात हक्काचा वाटा मिळाला. झाडीपट्टीत यातले फार थोडे पोहोचले आहे. लेखक स्वतः मालक असेल तर निभावते. तो नुसता लेखक असेल तर संहिता एकदा देऊन टाकली की त्याचा तिच्याशी संबंध संपण्याचा धोका मोठा, कारण व्यवहार विश्वासावर आणि तोंडी चालतात. पुढच्या हंगामाला नवे नाव लागतेच. जुने नाटक वहीत पडून राहते, वही वाळवी खाते.

म्हणून काम कुठे सुरू करायचे हे मला स्पष्ट दिसते. संहितांची नोंद आणि संग्रह व्हायला हवा. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. या प्रदेशातल्या नाटकांच्या वह्या आणि पोस्टरे जमवण्याला त्याच्याइतकी योग्य जागा नाही. वडशाच्या मालकांनी एक साधा छापील करार ठरवावा: प्रयोगागणिक लेखकाला किती, चित्रीकरण करून टाकले तर किती, दुसऱ्या कंपनीने घेतले तर किती. दोन पानांचा कागद पुरेल. मालकाचेही त्यात हित आहे, कारण उद्या एखादी वाहिनी किंवा ओटीटी कंपनी ‘ही गोष्ट आम्हाला द्या’ म्हणत आली तर तिचा पहिला प्रश्न हक्क कोणाकडे आहेत हाच असेल, आणि त्याचे उत्तर वडशातल्या किती कपाटांत कागदावर सापडेल?

वाहिन्यांकडे मागणे वेगळे. घरून लिहून पाठवणे टाळेबंदीत सगळ्यांनी करून पाहिले आणि मालिका चालल्या. तेव्हा लेखकाने मुंबईतच राहावे ही अट आता सवयीपुरती उरली आहे. झाडीपट्टीवर मालिका करायची ठरली तर संवाद ब्रह्मपुरीत किंवा सिंदेवाहीत बसून लिहिले जाऊ शकतात, हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या चार महिन्यांत, बँक भरून ठेवून. मालिकेचे वर्ष आणि नाटकाचे वर्ष एकमेकांत बसू शकतात. त्यासाठी वाहिनीतल्या कोणीतरी जानेवारीतली एक रात्र वडशाच्या आसपासच्या कुठल्याही गावात सतरंजीवर बसून काढली पाहिजे, आणि खेळ संपल्यावर नायिकेऐवजी लेखकाची चौकशी केली पाहिजे.